एकाच बाकावर : राजर्षी शाहू छत्रपतींची जीवनकथा



आपणांपैकी जे बंगळुरात राहतात, अथवा कामानिमित्त तेथे जाऊन आले आहेत, त्यांना फ्रेझर टाऊन हा भाग ठाऊक असेल. कोल्स पार्कची झाडी, मॉस्क रोडवरील वर्दळ आणि जवळच उभे असलेले संत फ्रान्सिस झेवियर यांचे कॅथेड्रल ही तेथील परिचित ठिकाणे. १८९८ साली बंगळुरात प्लेगची भयंकर साथ आली. दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांना मोकळी हवा मिळावी म्हणून त्यानंतरच्या काळात जे नवे भाग वसविण्यात आले, त्यांपैकी हा एक होय. ज्यांचे नाव या भागाला मिळाले, ते सर स्टुअर्ट फ्रेझर हे म्हैसूर संस्थानात ब्रिटिश सरकारचे रेसिडेंट होते, आणि त्यापूर्वी म्हैसूरचे अल्पवयीन महाराज कृष्णराज वडियार यांचे शिक्षक व पालक होते.

परंतु म्हैसूरला येण्यापूर्वी फ्रेझर साहेबांनी धारवाड येथे आणखी एका राजपुत्राला शिकविले होते. तो पोरका होता, दत्तक होता आणि अंगापिंडाने धिप्पाड होता. त्याच्या हाती पुढे मोठी सत्ता आली, आणि त्या सत्तेचा उपयोग त्याने ज्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी केला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज ते हेच.

माणसामाणसांत भिंती उभ्या करण्याचा रोग केवळ आपल्याच देशाचा नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी शाळा, वेगळा नळ आणि आगगाडीत वेगळा डबा होता. दक्षिण महाराष्ट्रातील कोल्हापूर संस्थानातही तशीच भिंत होती. तेथे रंगाच्या जागी जन्म होता, एवढाच काय तो भेद. ही भिंत एका राजाला कशी दिसली, आरंभी तिच्यात एक चांगलेसे दार बसविण्याचा प्रयत्न त्याने कसा केला, आणि भिंत तशीच ठेवून दार कितीही चांगले केले तरी न्याय होत नाही हे त्याला कसे उमगले, ते आज आपण पाहू या.

पोरका राजपुत्र

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार होते, आणि आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातील होत्या. यशवंतराव तीन वर्षांचे असतानाच आई निवर्तल्या.

त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर दुर्दैवाची छाया होती. चौथे शिवाजी महाराज यांना ब्रिटिशांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते, आणि तेथेच डिसेंबर १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी दहा वर्षेही पूर्ण न झालेल्या यशवंतरावांना दत्तक घेतले. कागलचा मुलगा कोल्हापूरचा छत्रपती झाला व शाहू हे नाव त्याला मिळाले. दोनच वर्षांनी वडीलही वारले. वैभव भोवती होते, पण मायेचे छत्र नव्हते. ज्याच्यावर लहानपणीच असा प्रसंग येतो, त्याला पुढे दुसऱ्याचे एकाकीपण लवकर कळते.

शिक्षणासाठी त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठविण्यात आले. त्यानंतर १८९० पासून धारवाड येथे फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. भावनगरचे राजपुत्र भाऊसिंगजी हे तेथे त्यांचे सहाध्यायी होते. त्यांचे नाव ध्यानात ठेवावे, वाचकहो, कारण ते पुढे एकदा येणार आहे. फ्रेझर यांनी आपल्या शिष्यांना पुस्तकांबरोबरच देशाटनाचे व राज्यकारभाराचे शिक्षण दिले. गुरुशिष्यांचा हा स्नेह पुढेही टिकला.

२ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. कारभार हाती येतो न येतो तोच १८९६ चा दुष्काळ आला, व त्यापाठोपाठ प्लेग. महाराजांनी राजवाड्यात बसून अहवाल वाचण्याऐवजी गावोगाव हिंडून लोकांची स्थिती पाहिली. धान्य व वैरण यांची सोय केली, कामे काढली. प्रजेच्या दारात जाऊन पाहण्याची ही सवय त्यांना अखेरपर्यंत राहिली.

पंचगंगेच्या घाटावर

१८९९ च्या कार्तिक महिन्यात महाराज पंचगंगेवर स्नानासाठी जात असत. सोबत पुरोहित मंत्र म्हणत असे. हे मंत्र वेदांतील नसून पुराणांतील आहेत, ही गोष्ट राजारामशास्त्री भागवत या विद्वान व उदारमनस्क ब्राह्मण गृहस्थांनी महाराजांच्या नजरेस आणून दिली. विचारणा केली असता पुरोहिताने सांगितले की शूद्रांसाठी पुराणोक्त मंत्रच म्हणावयाचे असतात. शूद्रासाठी मंत्र सांगावयाचे म्हणून त्याने स्वतः स्नान करण्याचीही गरज मानली नव्हती.

विचार करा, वाचकहो. ज्या राजाच्या अन्नावर तो पुरोहित जगत होता, त्या राजाला त्याच्याच राज्यात, त्याच्याच नदीवर, तू जन्माने हीन आहेस असे ऐकावे लागले. हा वाद पुढे अनेक वर्षे चालला व वेदोक्त प्रकरण या नावाने इतिहासात नोंदला गेला. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्याचे नाकारले, तेव्हा १९०२ मध्ये महाराजांनी त्यांची इनामे जप्त केली. वृत्तपत्रांतून महाराजांवर कठोर टीका झाली, आणि लोकमान्य टिळकांसारख्या थोर पुढाऱ्यानेही या प्रकरणी त्यांची बाजू घेतली नाही.

अपमान झाल्यावर माणसापुढे दोन मार्ग असतात. आपल्याला वरच्या पायरीवर जागा मिळाली की समाधान मानावे, हा एक. आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर कोण उभा आहे, याकडे मान वळवून पाहावे, हा दुसरा. आरंभी महाराजांचा लढा क्षत्रियत्वाच्या मानाचा होता, हे नाकारता येणार नाही. परंतु ते तेथे थांबले नाहीत. राजाला जर एवढे सोसावे लागते, तर ज्याची सावलीही विटाळ मानली जाते त्याचे काय होत असेल, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. त्यांच्या पुढील वीस वर्षांचे चरित्र या प्रश्नाभोवती फिरते.

नोकरी आणि शिक्षण

कारभार हाती घेतला तेव्हा, १८९४ मध्ये, संस्थानच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागा एकाच जातीच्या लोकांकडे होत्या, आणि कारकुनीच्या सुमारे ५०० जागांपैकी जेमतेम १० जागांवर इतर लोक होते. याचे कारण उघड होते. ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या विद्या होती, त्यांच्याकडेच नोकरी जात होती, आणि ज्यांच्याकडे नोकरी होती त्यांचीच मुले शिकत होती. चक्र कोठेतरी थांबविल्यावाचून ते आपोआप थांबणार नव्हते.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. ते तेथे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापुरात एक हुकूम प्रसिद्ध झाला. त्यानुसार यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील सुशिक्षितांना द्याव्यात, असे ठरले. भारतातील राखीव जागांच्या इतिहासात या हुकुमाला मानाचे स्थान आहे. पुढे १९१८ मध्ये फ्रेझर साहेबांचे दुसरे शिष्य, म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार, यांनीही याच प्रश्नावर मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि १९२१ मध्ये म्हैसूर राज्यातही मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत जागा राखण्याचे धोरण आले. एका गुरूचे दोन शिष्य आपापल्या राज्यात एकाच दिशेने चालत होते.

परंतु नोकरी द्यावयाची तर शिकलेली माणसे हवीत. खेड्यातील मुलगा कोल्हापुरात आला तर त्याने राहावे कोठे? १८९६ मध्ये महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले होते, पण कालांतराने तेथे एकाच जातीचे विद्यार्थी उरले. हा अनुभव कडू होता. तेव्हा १९०१ पासून त्यांनी वेगवेगळ्या समाजांसाठी वेगवेगळी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहे निघाली. ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह झाले. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला देण्यात आले होते.

१९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही गरिबासाठी लहान रक्कम नव्हती. पण अज्ञानाचा दंड त्याहून जबर असतो, हे महाराज जाणून होते.

वेगळे दार की एकच दार?

आता आपण या कथेच्या मुख्य वळणावर आलो आहोत, वाचकहो. संस्थानात अस्पृश्यांसाठी शाळा होत्या, पण त्या वेगळ्या होत्या. वसतिगृह होते, तेही वेगळे. मागील कोणत्याही राजाने केले नव्हते एवढे महाराजांनी केले होते. येथे थांबले असते तरी दयाळू राजा म्हणून त्यांचे नाव राहिले असते.

अमेरिकेच्या दक्षिणेतही नेमके हेच चालले होते. १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना राज्यातील आगगाडीच्या डब्यांविषयीच्या खटल्यात असा निर्णय दिला की गोऱ्यांची व काळ्यांची सोय वेगळी असली तरी ती सारख्या दर्जाची असेल तर त्यात अन्याय नाही. या एका निर्णयाच्या आधारावर तेथे अर्धशतकाहून अधिक काळ शाळा वेगळ्या राहिल्या. त्या वेगळ्या होत्या. सारख्या मात्र कधीच नव्हत्या. १९५४ मध्ये त्याच न्यायालयाने शाळांच्या बाबतीत हे तत्त्व रद्दबातल ठरविले. तरीही १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचविण्यासाठी सैनिक पाठवावे लागले.

कोल्हापुरात हा निर्णय १९१९ मध्येच झाला. त्या वर्षी महाराजांनी एकामागून एक हुकूम काढले. सरकारी मदत घेणाऱ्या शाळांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना समानतेने वागवावे, नाही तर त्यांची मदत बंद होईल. दवाखान्यात आलेल्या अस्पृश्य रोग्याला इतर रोग्यांप्रमाणेच तपासावे व उपचार द्यावेत. कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांनी अस्पृश्य नोकरांशी माणुसकीने वागावे, आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी नोकरी सोडून जावे. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा आणि सरकारी इमारती सर्वांना खुल्या असाव्यात. आणि सप्टेंबर १९१९ मध्ये सर्वांत महत्त्वाचा हुकूम निघाला : अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा त्या दसऱ्यापासून बंद कराव्यात, आणि ती मुले इतर मुलांबरोबर त्याच सरकारी शाळांत बसवावीत.

या हुकुमाचे मोल नीट समजून घ्यावे. मुंबई इलाख्यात सार्वजनिक पाणवठे व शाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. अस्पृश्यता नष्ट करणारी भारतीय राज्यघटना १९५० मध्ये अमलात आली. या सर्वांच्या आधी एका संस्थानिकाने, आपल्याच राज्यात चाललेल्या शाळांकडे पाहून, हे पुरेसे नाही असे ठरविले होते. दुसऱ्याची चूक दाखविणे सोपे असते. पण ज्या व्यवस्थेतून आपलेच औदार्य लोकांना दिसते, ती मोडून काढावयास अधिक धैर्य लागते. वेगळी शाळा मुलाला अक्षर शिकविते खरी, पण त्याबरोबर तू आमच्यात बसण्यास लायक नाहीस हेही रोज शिकविते. महाराजांना हा दुसरा धडा पुसावयाचा होता.

कायद्याच्या बाजूने त्यांनी इतरही पाश तोडले. महार वतनाच्या नावाखाली तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात सबंध कुटुंबाला गावाची चाकरी रात्रंदिवस करावी लागे. १९१८ मध्ये ते वतन रद्द करून जमिनी त्यांच्या नावे केल्या. काही जमातींना गुन्हेगार ठरवून रोज द्यावी लागणारी हजेरी त्याच वर्षी बंद केली. वेठबिगारीला १९२० मध्ये मनाई केली. विधवाविवाह, आंतरजातीय विवाह, स्त्रियांच्या छळास प्रतिबंध आणि देवदासी प्रथेस आळा यांसाठी याच काळात कायदे झाले. १९१८ मध्ये धाकटे पुत्र शिवाजी यांचा शिकारीत अपघाती मृत्यू झाला. तेव्हा कोवळ्या वयात विधवा झालेल्या सून इंदुमती यांना त्यांनी चार भिंतींआड न ठेवता शिकविले. पुत्रशोकाच्या त्या दिवसांतही त्यांचा हात थांबला नाही.

गंगारामचा चहा

वाचकहो, हुकूम कागदावर निघतो आणि माणसाचे मन मात्र जुन्या जागीच राहते. हे महाराजांना आपल्याच पागेत दिसले.

गंगाराम कांबळे नावाचा एक महार समाजातील मनुष्य राजवाड्याच्या पागेत चाकरीला होता. एके दिवशी त्याने इतर नोकरांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला. त्यासाठी त्याला बेदम मारण्यात आले. महाराज तेव्हा परगावी होते. ते परतल्यावर गंगारामने आपली पाठ त्यांना दाखविली. महाराजांनी मारणाऱ्यांना कडक शिक्षा केली. पण शिक्षेने गंगारामला मान मिळणार नव्हता, हेही त्यांनी ओळखले. त्यांनी त्याला चाकरीतून मोकळे केले, भांडवल दिले आणि स्वतःचा धंदा काढावयास सांगितले.

गंगारामने कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. धारवाडच्या त्या सहाध्यायाचेच नाव या रस्त्याला होते. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावा कोणी?

मग महाराजांची गाडी त्या दुकानासमोर थांबू लागली. गाडीत दरबारी मंडळी, सरदार व अधिकारी असत. महाराज गंगारामच्या हातचा चहा घेत, आणि राजा पितो म्हटल्यावर सोबतच्यांनाही कप हाती घ्यावा लागे. सहीसाठी अर्ज घेऊन येणाऱ्यांना ते आधी गंगारामचा चहा पिऊन येण्यास सांगत, अशी आठवण कोल्हापुरात आजही सांगितली जाते. हळूहळू दुकान चालू लागले. पुढे महाराजांनी त्याला सोडावॉटरचे यंत्रही घेऊन दिले.

एका कपाची ती काय मोठी गोष्ट, असे कोणी म्हणेल. पण अस्पृश्यतेचा किल्ला कपबशीच्या व पाण्याच्या भांड्याच्या जोरावरच उभा होता. कोणाच्या हातचे घ्यावे आणि कोणाच्या हातचे घेऊ नये, या एका नियमात सारी उतरंड सामावली होती. महाराजांनी हुकूम काढून इतरांना बदलावयास सांगितले, आणि चहाचा कप ओठाला लावून त्या बदलाची किंमत प्रथम स्वतः दिली.

माणगावची सभा

याच सुमारास मुंबईत सिडनहॅम कॉलेजात एक तरुण प्राध्यापक शिकवीत होते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या तरुणाची, भीमराव रामजी आंबेडकर यांची, महाराजांशी ओळख झाली. जानेवारी १९२० मध्ये आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची देणगी दिली.

२१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते आंबेडकर. त्या परिषदेला स्वतः छत्रपती उपस्थित राहिले. जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की तुम्हांला तुमचा पुढारी तुमच्यातूनच लाभला आहे, आणि तो तुमचा उद्धार केल्याशिवाय राहणार नाही. आंबेडकरांना त्यांनी आपल्याकडे भोजनाचे निमंत्रणही दिले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद महाराजांनी भूषविले.

यातील मर्म ध्यानात घ्यावे. उपकार करणाऱ्यांना बहुधा असे वाटते की उपकृतांनी सदैव आपल्या मागे उभे राहावे. महाराजांनी मात्र पुढारीपण त्यांच्याच हाती जावे अशी इच्छा धरली व ते घडताना पाहून आनंद मानला. वेगळी शाळा बंद करणे व व्यासपीठावरील मुख्य आसन दुसऱ्याला देणे, या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच होते. समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानल्यावाचून यांतील एकही गोष्ट होत नाही.

दिवा लवकर विझला

महाराज सर्वगुणसंपन्न होते असे आम्ही म्हणणार नाही. ते एकतंत्री राजे होते. राग आला की त्यांची शिक्षा कठोर असे. ब्रिटिश सत्तेशी त्यांनी सलोखा ठेवला, आणि त्यामुळे राष्ट्रीय चळवळीतील अनेकांचा त्यांच्यावर रोष होता. त्यांचे हुकूम खेडोपाडी तंतोतंत पाळले गेले असेही नाही. अनेक गावांत विहिरीवरचा दंडक तसाच राहिला. पण हुकूम निघाल्यामुळे एक मोठा फरक पडला. आजवर जो अन्याय रूढी म्हणून मिरवत होता, तो आता कायद्याचा भंग ठरला, आणि पीडिताला दाद मागण्यास जागा मिळाली.

शरीर भारी, मधुमेहासारख्या व्याधी जडलेल्या आणि मनावर पुत्रशोकाचा भार, अशा स्थितीत ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अठ्ठावीस वर्षांच्या राजवटीतील सर्वांत धाडसी कामे त्यांनी अखेरच्या पाच वर्षांत केली होती. कानपूर येथे १९१९ मध्ये कुर्मी क्षत्रिय परिषदेने त्यांना राजर्षी ही पदवी दिली होती, आणि त्याच नावाने लोक त्यांना आजही ओळखतात. २६ जून हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या दारात

वाचकहो, कोल्हापूर व मिरज ही नावे मराठी ख्रिस्ती घरांत आदराने घेतली जातात. रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनकार्य आरंभिले, आणि डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभारले. शाहू महाराजांचा डॉ. वॉन्लेस यांच्याशी स्नेह होता. शाळा व दवाखाने काढून मिशनरी मंडळींनी वंचितांसाठी जे केले, त्याचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो रास्तच आहे.

पण अभिमानाबरोबर आत्मपरीक्षणही हवे. दक्षिण भारतातील ख्रिस्ती मंडळ्यांत जातीजातींच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या, आणि प्रभुभोजनाच्या वेळीही आधी कोण व नंतर कोण हा भेद पाळला जात होता. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांना पत्र पाठवून हा जातिभेद ताबडतोब सोडण्याची आज्ञा करावी लागली. तेव्हा अनेकांनी मंडळी सोडली, पण जात सोडली नाही. म्हणजे भिंत केवळ पंचगंगेच्या घाटावर नव्हती, ती उपासनामंदिरातही होती.

आज ती उरलेली नाही, असे छातीवर हात ठेवून आपण म्हणू शकतो काय? सोयरीक जमविताना आपण मुलाचे शिक्षण व स्वभाव विचारतो, आणि मग आवाज खाली आणून त्याचे पूर्वीचे घराणे कोणते हेही विचारतो. मंडळीच्या कमिटीत कोणाचे नाव सुचवावे व कोणाचे नाही, हे ठरविताना मनात कोणता हिशेब चालतो? घरकाम करणाऱ्या बाईसाठी आपल्या स्वयंपाकघरात वेगळा कप ठेवलेला आहे काय? गरिबांसाठी आपण जे करतो, ते त्यांना आपल्या बाकावर बसवून करतो, की त्यांच्यासाठी दूर एक वेगळे बाक मांडून? वेगळ्या बाकावर दिलेले दान कितीही मोठे असले, तरी घेणाऱ्याला ते आपली जागा दाखविल्यावाचून राहत नाही.

शोमरोनातील विहिरीवर भर दुपारी एक थकलेला प्रवासी बसला होता. ज्यांच्याशी त्याचे लोक कोणताही व्यवहार ठेवीत नसत, त्या समाजातील एका स्त्रीकडे त्याने पाणी मागितले. देण्याआधी त्याने तिच्या हातून घेण्याची तयारी दाखविली, आणि तिचा मान तिला परत मिळाला. शाहू महाराज ख्रिस्ती नव्हते. परंतु भाऊसिंगजी रस्त्यावरील त्या लहानशा दुकानासमोर त्यांची गाडी जेव्हा थांबली, तेव्हा त्यांनी जे केले ते त्या विहिरीपासून फार दूरचे नव्हते. जे आपल्याला शास्त्रातून रोज वाचावयास मिळते, ते ज्याने न वाचता आचरिले, त्याच्यापुढे आपण नम्र व्हावे आणि त्याच्याकडून शिकावे.

फ्रेझर टाऊनमधून पुन्हा कधी जाल, किंवा आपापल्या गावातील उपासनामंदिराची पायरी येत्या रविवारी चढाल, तेव्हा धारवाडला शिकलेल्या त्या पोरक्या मुलाची आठवण ठेवा. आणि आत गेल्यावर नेहमीच्या जागेवर बसण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. अगदी शेवटच्या बाकावर एकटाच कोणी बसला असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.